गृहचर्चा : चूल एक कीं तीन ?

घर बांधावयाचें ठरलें म्हणजे मनुष्य पहिल्यानें पैशाचा विचार करतो, मग जागेचा, मग गवंड्याचा, आणि या सर्वांच्या मागून, बहुधा जोतें वर आल्यावर, कोणी तरी म्हणतें कीं, “एखाद्या वास्तुविशारदास दाखवूं या का?” हा शेवटचा विचार वस्तुतः पहिला असावयास पाहिजे, असें अनुभवान्तीं आमचें मत झालें आहे. वास्तुविशारद नेमून घर बांधणें आपल्यासारख्या कुटुंबांस परवडतें काय, त्याला काय सांगावें, त्याचें कितपत ऐकावें आणि आपलें कितपत चालवावें, असे प्रश्न या सदराकडे वारंवार येतात. त्यांचें उत्तर नियम सांगून देण्यापेक्षां चांदवड येथील आमच्या स्वतःच्या घराची हकीकत सांगून द्यावें, हें बरें. तींत आमच्या शहाणपणापेक्षां आमच्या चुका अधिक आहेत. परंतु दुसऱ्याच्या चुकांवरून शिकणें स्वतःच्या चुकांपेक्षां केव्हांहि स्वस्त पडतें.

मुंबई-आग्रा रस्त्यानें नाशिकहून ईशान्येस सुमारें ६५ किलोमीटर गेलें म्हणजे सातमाळेच्या पायथ्याशीं चांदवड लागतें. माथ्यावर किल्ला, डोंगराच्या कुशींत रेणुकादेवीचें देऊळ, कातळांत कोरलेलें जैन लेणें, आणि भर गांवांत होळकरांचा रंगमहाल. होळकरशाहींत येथें टांकसाळ होती. उन्हाळा कडक, पाऊस बेताचा, आणि काळा दगड मात्र पाहिजे तेवढा, अशी इथली तऱ्हा. आमचें घर या गांवांत चार पिढ्यांचें. सात खणांचें, धाब्याचें; दगडमातीच्या भिंती दीड दीड हात रुंद, सागाचे खांब, मध्यें चौक. धाब्यावर दर वर्षीं मृगापूर्वीं माती घालून ती चोपावी लागे. वडील होते तोंवर हा नेम कधीं चुकला नाहीं. ते गेल्यावर, “पुढच्या वर्षीं घालूं,” असें म्हणत चार पावसाळे गेले. आणि एका श्रावणांत रात्रभर झड लागून पहांटे मागील पडवीची भिंत बसली. आई त्या दिवशीं ओसरीवर निजली होती, म्हणून अनर्थ टळला. एरव्हीं तिचें अंथरूण त्याच भिंतीशीं असे.

आम्ही तिघे भाऊ. थोरले बंधु चांदवडास शेती पाहतात, आम्ही पुण्यास असतों, आणि धाकटे बंधु नोकरीनिमित्त बंगळुरास. भिंत पडल्याचें कळतांच तिघेहि गोळा झालों. गांवांतील एका अनुभवी गवंड्यानें पडकी भिंत पाहून, सुपारी कातरतां कातरतांच निकाल दिला, “तिघे भाऊ, तीन मजले. खालीं मोठे, वर मधले, त्यावर धाकटे. एका वर्षांत किल्ली हातीं देतों.” हिशेब इतका सोपा होता कीं तो कोणासच खटकला नाहीं. धाकट्या बंधूंनीं शहरांत पाहिलेल्या एका कांचेच्या घराचें चित्र काढून सर्वांस दाखविलें. नाशिकच्या एका वास्तुविशारद बाईंचें नांव आमच्या पुतण्यानें सुचविलें, तेव्हां थोरले बंधु म्हणाले, “कागदावर रेघा मारण्याचे पैसे द्यावयाचे? आजोबांनीं हें घर बांधलें तेव्हां कोणता नकाशा काढला होता?”

हा प्रश्न पुष्कळ घरांतून विचारला जातो, म्हणून त्याचें उत्तर येथें दिलें पाहिजे. आजोबांनीं नकाशा काढला नाहीं, कारण तो त्या काळीं सर्वांस पाठ होता. गवंडी, सुतार आणि घरधनी या तिघांस एकच घर ठाऊक होतें. किती खण, चौक कोठें, कोठी कोठें, न्हाणीचें पाणी कोणीकडे, इतकें बोललें कीं काम सुरू होई. तुळई जितकी लांब मिळे तितका खण रुंद. म्हणजे लांकूडच घराचें माप ठरवी. तें ज्ञान गेलें असें नव्हे, पण तें आतां कोणा एकाजवळ राहिलेलें नाहीं. सिमेंट आलें, लोखंड आलें, नळ आला, वीज आली, न्हाणीघर व संडास घरांत आले, आणि घरांतील माणसें वर्षाचे दहा महिने बाहेरगांवीं राहूं लागलीं. इतक्या नव्या गोष्टींची जुळणी पूर्वींच्या पाठांतरावर होत नाहीं. ती जुळणी करणें हेंच वास्तुविशारदाचें काम; रेघा मारणें हें त्यांतील सर्वांत लहान काम होय.

पुण्याचे अभियंते आर. एस. देशपांडे यांनीं हें फार पूर्वीं ओळखलें होतें. १९३० नंतरच्या दशकांत मध्यमवर्गीय कुटुंबांसाठीं त्यांनीं घरबांधणीवर जीं पुस्तकें लिहिलीं, त्यांपैकीं ‘मॉडर्न आयडियल होम्स फॉर इंडिया’ हें १९३९ सालीं निघालें. पुढें १९७२ च्या कायद्यानें या व्यवसायास शिस्त आली. त्या कायद्यान्वयें ‘कौन्सिल ऑफ आर्किटेक्चर’ ही संस्था स्थापन झाली, आणि तिच्या पटावर ज्याचें नांव आहे त्यासच स्वतःस ‘आर्किटेक्ट’ म्हणवितां येतें. तेव्हां कोणास नेमण्यापूर्वीं त्याचा नोंदणी-क्रमांक विचारावा. त्यांत संकोच मानूं नये. तसेंच, खांब-तुळयांत लोखंड किती घालावयाचें याचें गणित करणारा अभियंता निराळा असतो, हेंहि ध्यानांत ठेवावें. एकानें घर राहण्याजोगें करावयाचें, दुसऱ्यानें तें उभें ठेवावयाचें.

शेवटीं आईच्या शब्दाखातर त्या बाईंस बोलावणें गेलें. आमची अपेक्षा अशी कीं, त्या येतील, फीत काढून मापें घेतील, आणि चहा घेऊन जातील. त्या आल्या त्या सकाळीं सातांस, आणि पहिले दोन तास त्यांनीं फीत पिशवींतून काढलीच नाहीं. ओट्यावर आईजवळ बसल्या आणि विचारूं लागल्या, “आजी, सकाळीं पहिल्यानें कोण उठतें? उठून कोठें जातें? पाणी कोठून आणतात? दुपारीं तुम्ही कोठें टेकतां? पापड कोठें वाळवतां? पाहुणे आले तर निजतात कोठें?” आई प्रथम संकोचली, पण आपल्या रोजच्या उठण्याबसण्याविषयीं इतक्या आस्थेनें तिला आजवर कोणी विचारलें नव्हतें. ती बोलूं लागली ती थांबेना. आम्ही तिचे मुलगे, परंतु रात्रीं तीन वेळां उठून तिला चौक ओलांडून जावें लागतें आणि अंधारांत ती भिंत चांचपीत जाते, हें आम्हांस त्या दिवशीं प्रथमच कळलें.

दिवसभर त्यांनीं ऊन कोठून कोठें सरकतें तें पाहिलें. दुपारीं आम्हांस घेऊन त्या रंगमहालांत गेल्या. अहिल्याबाई होळकरांच्या नांवाशीं जोडलेला हा वाडा आम्ही लहानपणापासून पाहिलेला. त्याचे कोरीव खांब आणि भिंतींवरचीं चित्रें पाहुण्यांस दाखविलेलीं. पण बाईंनीं आम्हांस नक्षी सोडून चौकांत उभें केलें. “बाहेर किती तापलें आहे, आणि येथें सावलींत कसें आहे, तें पाहा,” एवढेंच त्या म्हणाल्या. चौकांतली तापलेली हवा वर चढून निघून जाते आणि भोंवतालच्या सोप्यांतून थंड हवा तिची जागा घेते. शिवाय प्रत्येक खोलीस दोहोंकडून उजेड मिळतो. ज्या चौकास आम्ही ‘वायां गेलेली जागा’ म्हणून नव्या घरांतून काढून टाकण्यास निघालों होतों, तो चांदवडच्या वैशाखांतला बिनखर्चाचा पंखा आहे, हें तेव्हां उमगलें.

सायंकाळीं सर्व मंडळी माजघरांत बसली असतां बाईंनीं आपली वही उघडली आणि विचारलें, “आतां एकच राहिलें. चूल एक कीं तीन?”

माजघर एकदम शांत झालें. आमच्या घरांत हा प्रश्न गेलीं दहा वर्षें कोणी तोंडावाटे काढला नव्हता. वडिलांच्या पश्चात् वांटणीचा कागद झाला नव्हता, आणि होऊं नये असें प्रत्येकजण म्हणे; पण नको म्हणणाऱ्या प्रत्येकाच्या मनांत कांहीं ना कांहीं शिल्लक होतें. गवंड्याच्या तीन मजल्यांनीं या प्रश्नाचें उत्तर आम्हांस न विचारतांच देऊन टाकलें होतें, आणि तें आम्हांस सोयीचें वाटलें होतें, कारण त्यांत कोणास कांहीं बोलावें लागत नव्हतें. नकाशाचें मात्र तसें नाहीं. कागदावर स्वयंपाकघर काढावयाचें तर एक तरी काढावें लागतें, नाहीं तर तीन.

थोरले बंधु लगेच म्हणाले, “एक. यांत विचारण्यासारखें काय आहे?” धाकट्या बंधूंनीं आपल्या पत्नीकडे पाहिलें आणि मान खालीं घातली. आम्हीहि गप्पच होतों. तेव्हां स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशीं उभ्या असलेल्या वहिनी म्हणाल्या, “स्वयंपाक कोण करतें, त्यांना विचाराल का?”

मग त्या जें बोलल्या तें रागाचें नव्हतें, म्हणूनच जास्त लागलें. लग्न होऊन त्यांस बत्तीस वर्षें झालीं. दिवाळींत घरांत अठरा माणसें असतात. चूल कोपऱ्यांत, भिंतीकडे तोंड करून. बाहेर सगळे हंसतात खिदळतात, तें त्यांस पाठीमागून ऐकूं येतें. पाणी चौकांतून दोन पायऱ्या चढून आणावें लागतें. जावांनीं मदतीस यावें तर उभें राहण्यास जागा नाहीं. आणि नाहीं आल्या तर, आल्या नाहींत म्हणून मनांत राहतें. “चूल एकच ठेवा,” त्या म्हणाल्या, “पण ती एकट्या बाईची ठेवूं नका.”

थोरले बंधु कांहीं बोलणार तोंच आई म्हणाली, “चूल एक म्हणून घर एक राहतें, असें समजूं नकोस. माझ्या सासूबाईंच्या वेळीं चूल एकच होती, आणि त्या नि त्यांच्या जाऊबाई त्या एका चुलीपाशीं बारा वर्षें एकमेकींशीं बोलत नव्हत्या. माणसांचीं तोंडें एकमेकांकडे होतील असें कांहीं करा म्हणजे झालें.”

बाईंनीं वहींत लिहून घेतलें. पुढें जो आराखडा आला त्यांतील स्वयंपाकघर या दोन वाक्यांवरून निघालें, असें आम्हांस आजहि वाटतें. तें आग्नेयेस आहे. सकाळचें ऊन आंत येतें आणि पश्चिमेकडील वारा धूर-वास घराबाहेर नेतो. ओटा भिंतीस लावलेला नाहीं. खोलीच्या मध्यभागीं असा आहे कीं दोन्ही बाजूंस मिळून चौघी समोरासमोर उभ्या राहून काम करूं शकतात. धुण्याची मोरी व पाणी त्याच पातळीवर, कोठीची खोली लागून, आणि एक रुंद खिडकी चौकाकडे. चौकांत मुलें खेळत असलीं तर पोळी लाटणारीस दिसतात. शिवाय दोघां धाकट्या भावांच्या खोल्यांस चहापुरता एकेक लहानसा ओटा ठेवला. यावर थोरल्या बंधूंनीं शंका काढली, “आज चहा, उद्यां भाजी, परवां चूल निराळी.” वहिनी म्हणाल्या, “होऊं द्या कीं. दार लावून केलेला चहा तोंड फिरवून दिलेल्या चहापेक्षां बरा.” हें वाक्य ऐकून धाकटी जाऊ प्रथमच हंसली.

दिशांविषयीं कांहीं वाचक अवश्य विचारतील. देवघर ईशान्येस व स्वयंपाकघर आग्नेयेस हा आमच्या बंधूंचा आग्रह होता, आणि बाईंनीं तो आनंदानें मानला. कारण सकाळचा कोंवळा उजेड जेथें येतो तेथेंच पूजेस बसावें हें सोयीचेंहि आहे. पश्चिमेच्या भिंतीस दुपारभर ऊन लागतें, म्हणून त्या बाजूस जिना, कोठी आणि न्हाणीघर घातलें. म्हणजे ऊन त्यांनीं सोसावयाचें आणि निजण्याच्या खोल्या थंड रहावयाच्या. जेथें रूढि व सूर्य एका मताचे असतात तेथें वाद घालूं नये. जेथें त्यांचें पटत नाहीं तेथें, घरांत निजणार कोण आहे हें पाहून निर्णय करावा.

आतां थोडें व्यवहाराचें. पहिली गोष्ट, वास्तुविशारदाशीं करार लेखी करावा. त्याचें मानधन खर्चाच्या शेंकडेवारीनें असो वा ठरीव रकमेनें असो, तें टप्प्याटप्प्यानें द्यावें : कच्चा आराखडा, परवानगीचे नकाशे, गवंडी-सुताराच्या हातीं देण्याचे सविस्तर नकाशे, आणि कामावरील देखरेख. शेवटचे दोन टप्पे काटकसरीच्या नांवाखालीं गाळण्याची चाल फार आहे, आणि फसगत तेथेंच होते. दुसरी गोष्ट, वास्तुविशारद व ठेकेदार हे निरनिराळे असावेत. नकाशा करणाऱ्यानें बांधणाऱ्याचें काम तपासावयाचें असतें, आणि एकच मनुष्य दोन्ही असला तर तपासणार कोण? तिसरी गोष्ट, ठेकेदाराचे पैसे झालेल्या कामाचें माप घेऊन द्यावे, आणि थोडी रक्कम एक पावसाळा जाईपर्यंत हातीं राखावी. चौथी गोष्ट, घरांतील इतक्या माणसांपैकीं वास्तुविशारदाशीं बोलणारा एकच नेमावा. आमच्याकडे आरंभीं तिघे भाऊ तीन निरनिराळे निरोप धाडीत होतों. बाईंनीं एके दिवशीं तिन्ही निरोप एका कागदावर लिहून आम्हांसच परत पाठविले, तेव्हां आम्ही शुद्धीवर आलों.

आणि पांचवी गोष्ट अशी कीं, जें काय बदलावयाचें तें कागदावर असतांनाच बदलावें. कागदावरची भिंत रबरानें पुसतां येते. विटांची भिंत फोडावी लागते, आणि बांधण्याचे व फोडण्याचे असे दोनदां पैसे पडतात. परंतु कागद सर्वांस वाचतां येतो असें नाहीं. आमच्या आईस तर मुळींच येत नव्हता. बाईंनीं यावर नामी तोड काढली. मागच्या मोकळ्या जागेंत त्यांनीं फक्कीनें सबंध घर खऱ्या मापानें जमिनीवर आंखलें, आणि आईस म्हणाल्या, “आजी, आतां घरांतून फिरून या.” आई काठी टेकीत फक्कीच्या दारांतून आंत गेली, फक्कीच्या खाटेवर बसली, आणि तेथून न्हाणीघराकडे निघाली. दोन ठिकाणीं ती अडली. एक दार काठी घेऊन व हातास धरणारें माणूस बरोबर घेऊन जाण्यास अरुंद होतें, आणि खाटेवरून देवघर दिसत नव्हतें. दोन्ही गोष्टी त्याच सायंकाळीं दुरुस्त झाल्या. खर्च काय, तर मूठभर फक्की.

वाचकांनीं वास्तुविशारद म्हणजे सर्वज्ञ असेंहि मानूं नये. पॅरिसजवळ पॉयसी येथें ल कॉर्ब्युझिए या जगप्रसिद्ध वास्तुविशारदानें १९३१ सालीं पुरें केलेलें सावोय कुटुंबाचें घर आज जागतिक वारसा म्हणून जतन केलेलें आहे. पण त्याचें सपाट छप्पर गळत असे, आणि घरधनीण बाई त्याविषयीं वास्तुविशारदास पत्रांमागून पत्रें लिहीत. अमेरिकेंत इलिनॉय प्रांतीं मीस व्हान डेर रोहे यांनीं डॉक्टर ईडिथ फार्न्सवर्थ या बाईंसाठीं नदीकांठीं चारी बाजूंनीं कांचेचें घर बांधलें, तें १९५१ सालीं पुरें झालें. खर्च वाढत गेला, मनें विटलीं, आणि वाद न्यायालयापर्यंत पोंचला. धाकट्या बंधूंच्या कांचेच्या घराची हौस ही हकीकत ऐकून बरीच ओसरली. याच्या उलट आपल्याच देशांत केरळांत लॉरी बेकर (१९१७–२००७) यांनीं अनेक वर्षें स्थानिक विटा व चुना वापरून, स्वतः कामावर उभें राहून, साध्या माणसांचीं घरें बांधलीं. विटा कडेवर उभ्या लावून मध्यें पोकळी ठेवणारी भिंत त्यांनीं पुष्कळ वापरली. तिला विटा कमी लागतात आणि ती पोकळी उन्हाची झळ अडविते. तेव्हां माणूस निवडतांना त्याच्या घरांचीं चित्रें न पाहतां त्याचीं घरें पाहावीं, आणि शक्य तर भर पावसाळ्यांत पाहावीं. तेथील गृहिणीस दोन प्रश्न विचारावे : कोठें गळतें काय, आणि हाक मारली तर माणूस येतें काय?

पडलेल्या घराचा दगड बाईंनीं वायां जाऊं दिला नाहीं. जोत्यास व पश्चिमेच्या भिंतीस तोच वापरला. सागाचे सहा खांब सुतारानें ठोकून, वाळवीनें पोकळ झालेले दोन बाजूस काढले; उरलेले चार आज चौकांत उभे आहेत. छप्पर सपाटच ठेवलें, पण त्यास चौकाकडे उतार देऊन पन्हाळ लावले आणि चौकाखालीं टांकें बांधलें. याचा हिशेब प्रत्येकानें आपल्या घरापुरता करून पाहावा. १,००० चौरस फूट छपरावर १ इंच पाऊस पडला म्हणजे सुमारें २,३६० लिटर पाणी पडतें. वर्षाचा पाऊस २० इंच धरला तर ४७,२०० लिटर. त्यांतील पांचवा हिस्सा उडून व सांडून गेला तरी ३७,००० लिटरांहून अधिक हातीं लागतें. आमचें टांकें १०,००० लिटरांचें आहे. चांदवडच्या घरीं बारमाही माणसें सात. माणशीं ५ लिटर पिण्याचें व स्वयंपाकाचें पाणी धरलें तर भरलेलें टांकें नऊ महिन्यांहून अधिक पुरतें. ज्या गांवीं उन्हाळ्यांत पाण्याच्या टँकरची वाट पाहावी लागते, त्या गांवीं हें टांकें दिवाणखान्यांतील संगमरवरापेक्षां मोलाचें आहे.

आतां आमची चूक. आराखड्यांत आईच्या खोलीपासून देवघरापर्यंत जमीन एकसारखी, मध्यें पायरी नाहीं, अशी योजना होती. बाईंनीं नकाशावर तेथें तांबड्या शाईनें तसें लिहिलेंहि होतें. परंतु देव जमिनीशीं असूं नयेत, देवघर चार बोटें तरी उंच असावें, असें थोरल्या बंधूंस वाटलें, आणि बाई आठवडाभर आल्या नव्हत्या त्या अवधींत त्यांनीं गवंड्यास सांगून तेथें पायरी घालून घेतली. आम्ही त्या वेळीं तेथेंच होतों आणि गप्प राहिलों. तेव्हां दोष एकट्या बंधूंचा नव्हे. वास्तुशांत होऊन महिना झाला नाहीं तोंच, पहांटे काकडा लावण्यास निघालेली आई त्या पायरीस अडखळून पडली. मनगट दुखावलें, हाड मोडलें नाहीं, ही रेणुकेची कृपा. चार बोटें उंचीची ती पायरी. पण दीड महिनाभर आईस आपल्या हातानें वेणी घालतां आली नाहीं. बंधूंनीं त्याच दिवशीं गवंड्यास बोलावून, स्वतः उभें राहून ती पायरी काढविली आणि देवांसाठीं उंच चौरंग करविला. बाईंस फोनवरून कळविलें तेव्हां त्यांनीं एक अक्षरहि बोल लावला नाहीं. “आजींचा हात कसा आहे?” एवढेंच विचारलें. याची बंधूंस जितकी लाज वाटली तितकी दहा शब्द ऐकून वाटली नसती.

खर्च अंदाजापेक्षां वाढलाच. घर बांधून पाहणाऱ्या कोणाचा तो वाढत नाहीं? पण घर पुरें झाल्यावर आम्ही तिघांनीं बसून वाढलेल्या रकमेचा तपशील लावला, तेव्हां दिसून आलें कीं तिचा मोठा भाग काम सुरू झाल्यानंतर आम्हींच केलेल्या बदलांचा होता. आणि टाळलेल्या चुका, तीन मजल्यांचें न घातलेलें लोखंड, व जुन्या दगडाची बचत यांच्यापुढें बाईंचें मानधन कांहींच नव्हतें. एक गोष्ट मात्र कोणत्याहि हिशेबांत मांडतां आली नाहीं. त्या सायंकाळच्या एका प्रश्नामुळें आम्ही तिघे भाऊ पुढच्या आठवड्यांत वकिलाकडे गेलों आणि शेतीचा व घराचा कागद नीट करून आलों. वांटणी झाली. घर मात्र सामाईक राहिलें, आणि तें न बोलून राहिलें नाहीं, बोलून राहिलें. आमच्या मतें टिकाऊपणांत या दोहोंमध्यें फार अंतर आहे.

गेल्या दिवाळीस अठराचीं एकवीस माणसें झालीं होतीं. ओट्याच्या एका बाजूस वहिनी व धाकटी जाऊ चकल्या पाडीत होत्या, समोर आमच्या घरांतून व पुतण्याची बायको तळीत होत्या, आणि थोरले बंधु, ज्यांनीं साठ वर्षांत कधीं स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडला नव्हता, ते उंबरा नाहींच असें पाहून आंत येऊन करंज्या मोजीत उभे होते. आई आपल्या खाटेवरून हें सर्व पाहत होती. चौकाकडची खिडकी उघडीच होती. “घर बरें झालें आहे ना?” असें आम्हीं विचारलें. ती म्हणाली, “घराचें मला काय कळतें? पण रात्रीं मला आतां भिंत चांचपावी लागत नाहीं.”

घर बांधूं इच्छिणाऱ्या आमच्या वाचकांस आमची इतकीच विनंति आहे कीं, वास्तुविशारद निवडण्यापूर्वीं घरांतील सर्वांनीं, विशेषतः चुलीपाशीं उभें राहणाऱ्यांनीं व काठी टेकणाऱ्यांनीं, एकदां एकत्र बसावें आणि जो प्रश्न आपल्या घरांत कोणी विचारीत नाहीं तो आपणच विचारावा. नकाशा त्यानंतर काढतां येतो. पुढील खेपेस जुन्या घराचें लांकूड पारखावें कसें व पुन्हा वापरावें कसें, याविषयीं लिहिण्याचा आमचा विचार आहे.